1988 ची पद्मिनी आणि पुढचे डिस्क ब्रेक: ड्रमवरून डिस्कवर जाताना काय काय बदलावे लागले

जालन्याची_पद्मिनी (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

वडिलांनी 1988 साली घेतलेली आमची प्रीमियर पद्मिनी आजही रस्त्यावर आहे. 1089 सीसीचे इंजिन, हँडलखालचा गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून दाबणारे शू, आणि शूवर घर्षणाचा थर म्हणजे लायनर), आणि 2023 मध्ये आरटीओत पुन्हा पाच वर्षांचे पासिंग झालेले. गेल्या वर्षभरात मी या गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक (फिरणाऱ्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात तो प्रकार) बसवून घेतले. या कामात बऱ्याच चुका झाल्या, काही गोष्टी दोनदा कराव्या लागल्या, आणि ज्या अपेक्षेने काम हाती घेतले ती अपेक्षाच थोडी चुकीची होती हे शेवटी कळले. ज्यांच्याकडे पद्मिनी, अॅम्बेसेडर किंवा तशीच जुनी गाडी आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात कन्नडच्या घाटात झाली. मे महिना, दुपारचे दोन वाजलेले, गाडीत आम्ही पाच जण आणि डिकीत केशर आंब्याच्या चार पेट्या. चाळीसगावकडे उतरताना पुढे ट्रकांची रांग लागली होती, त्यामुळे पाय सारखा ब्रेकवर होता. अर्ध्या घाटात पेडल नेहमीपेक्षा खाली जाऊ लागले, पुढच्या वळणाला ते जवळजवळ तळाला टेकले आणि करपलेल्या लायनरचा वास गाडीत शिरला. दोन-तीनदा पंपिंग करून आणि दुसरा गिअर टाकून गाडी आवरली, कडेला लावली आणि अर्धा तास थांबलो. मागे बसलेली आई काही बोलली नाही, पण चाळीसगाव येईपर्यंत तिने पुढच्या सीटची कड हातातून सोडली नाही.

त्या दिवशी जे घडले त्याचे कारण साधे आहे. ड्रम तापला की तो फुगतो आणि शूपासून लांब जातो, म्हणून पेडल खाली जाते. त्यातच लायनर ठरावीक तापमानापलीकडे गेला की त्याची पकड उतरते. डिस्कचे उलट आहे. ती तापून जाड होते ती पॅडच्या दिशेने, आणि ती वाऱ्याला उघडी असल्यामुळे उष्णता लवकर सोडते. उष्णता किती असते याचा अंदाज यावा म्हणून हिशेब देतो. गाडीचे वजन सुमारे 900 किलो, माणसे आणि सामान धरून 1250 किलो. ताशी 80 किलोमीटरवरून ही गाडी थांबवली तर ब्रेकमध्ये साधारण 3 लाख 9 हजार जूल उष्णता तयार होते. हीच गाडी 200 मीटर उंचीचा उतार केवळ ब्रेकच्या जोरावर उतरली तर 24 लाख 50 हजार जूल, म्हणजे 80 च्या वेगावरून लागोपाठ आठ वेळा थांबवल्याइतकी. बाहेरचे तापमान 42 अंश असताना ही सगळी उष्णता बंद डब्यासारख्या ड्रममधून बाहेर पडायची असते.

घरी परतल्यावर मी लगेच डिस्कच्या शोधाला निघालो, ही माझी पहिली चूक. ओळखीच्या एका वयस्कर मिस्त्रींनी मला अडवले. “आधी आहे ते ब्रेक कंपनीच्या मापाला आणा, मग डिस्कचे बोलू,” असे ते म्हणाले. ड्रम उघडल्यावर त्यांचे म्हणणे पटले. डाव्या बाजूचा व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा) पाझरत होता आणि त्या तेलाने लायनर भिजला होता, उजव्या बाजूचा शूचे अंतर जुळवणारा अॅडजस्टर गंजून जाम झाला होता, आणि ब्रेक ऑइलचा रंग काळ्या चहासारखा झाला होता. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट 3 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असावा लागतो, ओलावा शोषल्यावर त्याची किमान मर्यादा 140 अंशांवर येते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. म्हणजे घाटात माझ्या गाडीचे केवळ लायनरच करपत नव्हते, बहुधा ऑइलही उकळत होते आणि नळीत वाफेचे बुडबुडे होत होते. बुडबुडा दाबला जातो, द्रव दाबला जात नाही, म्हणून पेडल स्पंजासारखे लागते.

नवे शू, सिलिंडरचे किट, तिन्ही रबरी होज, लेथवर साफ केलेले ड्रम आणि डॉट 4 ऑइल एवढे करून एका रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर चुन्याची रेघ मारली आणि ताशी 60 वरून गाडी थांबवून टेपने अंतर मोजले. पहिल्या थांब्याला 24 मीटर लागले. तोच प्रकार न थांबता दहा वेळा केला, तेव्हा दहाव्या थांब्याला 35 मीटर लागले. डिस्क बसवल्यानंतर त्याच रस्त्यावर, त्याच टायरवर पहिला थांबा 23 मीटर आला आणि दहावा 24 मीटर. हे चार आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत, कारण डिस्कने गाडी झटकन थांबेल ही माझी समजूत त्यांनीच दुरुस्त केली. थंड ब्रेकवर गाडी किती अंतरात थांबेल हे टायरची पकड ठरवते, आणि नीट राखलेला ड्रमसुद्धा चाक लॉक करण्याइतका जोर देतो. डिस्कचा फायदा दहाव्या थांब्याला आहे.

आता प्रत्यक्ष बदलाकडे येतो. मी एका लहान हॅचबॅकचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारी पकड) वापरले, ज्यांचा पिस्टन 48 मिलिमीटरचा आहे. जुन्या व्हील सिलिंडरचा पिस्टन 25.4 मिलिमीटरचा होता. क्षेत्रफळ काढले तर जुना सुमारे 5 चौरस सेंटिमीटर आणि नवा 18. एवढ्या मोठ्या पिस्टनला हलवायला ऑइलही जास्त लागते, म्हणून जुना 19.05 मिलिमीटरचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर चाकांकडे ऑइल ढकलणारा) पुरणार नव्हता. मी 20.64 मिलिमीटरचा घेतला. हा बदल दिसायला किरकोळ आहे, पण क्षेत्रफळ 17 टक्क्यांनी वाढते, म्हणजे पेडल कमी खाली जाते आणि तेवढ्याच दाबासाठी पायाला 17 टक्के जास्त जोर लावावा लागतो. त्यात भर म्हणजे ड्रममधला पुढचा शू चाकाच्या फिरण्याने स्वतःहून आवळला जातो. डिस्कमध्ये अशी आपोआप मदत मिळत नाही. या दोन कारणांमुळे व्हॅक्यूम बूस्टर (इंजिनच्या शोषणाने पायाच्या जोराला मदत करणारा) बसवणे भाग पडले.

नवा मास्टर सिलिंडर घेताना मी तो दुहेरी सर्किटचा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना ऑइलची वेगळी वाट देणारा, घेतला. माझ्या गाडीत चारही चाकांना एकच सर्किट होते, म्हणजे एक होज फुटला की चारही ब्रेक गेले. कोणी मला विचारले की पैसे एकाच कामापुरते आहेत, काय करू, तर मी डिस्क बाजूला ठेवून आधी दुहेरी मास्टर सिलिंडर बसवा असे सांगेन.

शेवटची अडचण ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना आली. दोन दिवस हवा काढत होतो, ऑइलच्या दोन बाटल्या संपल्या, तरी पेडल मऊच. गॅरेजमधल्या मुलाने मास्टर सिलिंडर खराब असल्याचे सांगून टाकले होते. तिसऱ्या दिवशी चाकासमोर बसून नुसते बघत असताना लक्षात आले की ब्लीडिंगचा (हवा सोडण्याचा) निपल कॅलिपरच्या खालच्या अंगाला आहे. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. हवा वर चढते, त्यामुळे निपल खाली असेल तर कितीही ऑइल सोडले तरी वरची हवा तिथेच राहते. बाजू बदलल्यावर वीस मिनिटांत पेडल दगडासारखे घट्ट झाले.

मांजराकाठ_लातूर

दादा, फार उपयुक्त धागा आहे. माझ्याकडे अॅम्बेसेडर आहे आणि तिलाही पुढे ड्रमच आहेत. दोन शंका विचारतो. थंड ब्रेकवर एकाच मीटरचा फरक पडत असेल, तर ज्याला घाट चढायचा-उतरायचाच नाही त्याने एवढा खर्च का करावा? माझी गाडी लातूर, औसा, निलंगा याच पट्ट्यात फिरते. दुसरी शंका अशी की मागच्या ब्रेकचे काय केले? पुढे डिस्क आणि मागे जुने ड्रम, यात समतोल बिघडत नाही का?

जालन्याची_पद्मिनी

पहिल्या शंकेचे उत्तर प्रामाणिकपणे देतो. तुमचा वापर सपाट रस्त्यावरचा असेल तर ड्रम मापाला आणा, ऑइल दर दोन वर्षांनी बदला आणि उरलेला पैसा टायरवर खर्च करा. तेवढ्याने तुम्हाला डिस्कपेक्षा जास्त फायदा मिळेल. माझे टायर सहा वर्षे जुने होते; डिस्कचे काम झाल्यावर ते बदलले, आणि तेवढ्यानेच 23 चे 21 मीटर झाले. तुमच्या पट्ट्यात मात्र डिस्कचा एक उपयोग आहे, तो पावसाळ्यात. नाल्यावरून पाणी वाहत असताना गाडी घातली की ड्रममध्ये पाणी अडकते आणि पुढचे दोन-चार ब्रेक लागतच नाहीत. डिस्कवरचे पाणी पॅड पहिल्याच दाबात पुसून टाकतो.

समतोलाबद्दल तुमची शंका रास्त आहे. ब्रेक मारताना गाडीचे वजन पुढे झुकते आणि मागची चाके हलकी होतात, म्हणून मागची चाके आधी लॉक झाली तर गाडी शेपटी फिरवते. पुढची पकड वाढवल्याने या बाजूची भीती कमी होते, पण अति झाले तर मागचे ब्रेक नुसते नावाला उरतात. मी सुरुवातीला मागच्या ब्रेकचा दाब हाताने जुळवता येणारा व्हॉल्व्ह लावला होता, तो नंतर काढून टाकला, कारण ओल्या रस्त्यावर पुढची चाके मागच्यांच्या जरा आधी लॉक होतात हे तपासून पाहिले आणि तसेच व्हायला हवे.

एक गोष्ट मूळ लेखात राहिली. ड्रमसाठी बनवलेल्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी बऱ्याचदा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो पाय काढल्यावरही नळीत सुमारे 10 पीएसआय दाब धरून ठेवतो. ड्रमला तो लागतो, कारण शूच्या स्प्रिंगा जोरात मागे ओढत असतात. डिस्कला ओढणारी स्प्रिंग नसते, त्यामुळे तोच दाब पॅडला डिस्कवर घासत ठेवतो. माझ्या पहिल्या चक्करीत वीस किलोमीटरनंतर चाकाला हात लाववेना तो याच कारणाने. पुढच्या सर्किटमधला तो व्हॉल्व्ह काढला, मागचा ठेवला.

वाळूज_टर्नर

मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत लेथ आणि मिलिंगचे काम करतो. जुन्या गाड्यांना कॅलिपर बसवण्यासाठी लागणारे ब्रॅकेट माझ्याकडे अधूनमधून येतात, म्हणून माझ्या भागाबद्दल लिहितो. दादांनी पाइपलाइनची बाजू उत्तम मांडली आहे, ब्रॅकेटबद्दल मात्र फारसे लिहिलेले नाही, आणि जीव त्याच्यावरच अवलंबून असतो.

कॅलिपर धरणारा ब्रॅकेट गॅस कटरने कापलेल्या भंगारातल्या प्लेटचा करू नये. ब्रेक मारल्यावर चाकाचा सगळा पीळ त्या दोन बोल्टांवर येतो. मी तो बारा मिलिमीटर जाडीच्या, सामग्रीचे प्रमाणपत्र असलेल्या पोलादातून मिलिंग करून काढतो, कोपरे गोल करतो, कारण तीक्ष्ण कोपऱ्यातून तडा सुरू होतो. बोल्ट 10.9 ग्रेडचे आणि टॉर्क पान्यानेच आवळलेले. स्टब अॅक्सलवर (पुढचे चाक ज्यावर फिरते त्या दांड्यावर) वेल्डिंग करून कान लावणारेही मी पाहिले आहेत. तसे कोणी सुचवले तर गाडी तिथून सरळ घरी आणा. उष्णतेने त्या घडवलेल्या पोलादाचे गुण बदलतात आणि तुटण्याआधी ते कसलीही सूचना देत नाही.

डिस्क हबवर बसवताना ती मधल्या भोकाने हबच्या कड्यावर घट्ट बसली पाहिजे. नुसत्या बोल्टांवर तिचे केंद्र ठेवले तर ती कधीच नीट फिरत नाही. बसवल्यावर डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारे मापक) लावून चाक हळूहळू फिरवावे. काट्याची हालचाल 0.1 मिलिमीटरच्या आत असावी. त्याहून जास्त असेल तर पेडलवर पायाला ठोके जाणवतात आणि लोक उगाच पॅड बदलत बसतात. कॅलिपर आणि रिम यांच्यात सगळीकडे किमान तीन मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, गाडी जॅकवर उचलून आणि खाली टेकवून, अशा चारही अवस्थांत होज ताणला जात नाही आणि टायरला घासत नाही हे डोळ्यांनी पाहावे. चाक बाहेरच्या बाजूला किती सरकले तेही मोजा. पाच-सात मिलिमीटरपेक्षा जास्त सरकले तर स्टिअरिंग जड होते आणि खड्ड्यात हँडल हातातून ओढले जाते.

बालाघाट

मी बीड जिल्ह्यातला, वय एकाहत्तर. टॅक्सी म्हणून पद्मिनी चालवली, तिच्यावर दोन मुलींची लग्ने केली. मांजरसुंब्याचा घाट त्याच ड्रम ब्रेकवर शेकडो वेळा उतरलो आणि एकदाही पेडल तळाला गेले नाही. आमच्या पिढीला एकच शिकवण होती, ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरायचा. उतारावर इंजिन गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक फक्त वळणापुरता लागतो. धागाकर्त्याने लिहिले आहे की पाय सारखा ब्रेकवर होता. बाळा, चूक तिथे झाली. ड्रमला दोष देण्याआधी ही सवय बदलली असती तर एवढा खटाटोप करावा लागला नसता. गाडीत कंपनीने जे दिले ते विचार करूनच दिलेले असते, आणि जुनी गाडी जुन्या रूपातच ठेवावी असे मला मनापासून वाटते.

जालन्याची_पद्मिनी

काका, तुमचे म्हणणे मी शंभर टक्के मान्य करतो की त्या दिवशी मी तिसऱ्या गिअरवर उतरत होतो आणि ते चुकलेच. आता मी दुसऱ्यावर उतरतो. तरीही एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. तुम्ही गाडी चालवत होता तेव्हा पुढच्या गाड्यांचे ब्रेकही तुमच्यासारखेच होते. आज पुढची नवी गाडी डिस्क आणि एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) जोरावर जागच्या जागी थांबते आणि मागे आमची पद्मिनी असते. गळिताच्या हंगामात रात्री अंबडकडून येताना, मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही अशी उसाची दुहेरी ट्रॉली अचानक समोर उभी ठाकते. तिथे गिअरची शिस्त कामी येत नाही, पायाखाली काय आहे तेच कामी येते. मूळ रूप जपण्याबद्दल म्हणाल तर काढलेले ड्रम, शू, मास्टर सिलिंडर आणि पाइप मी ग्रीस लावून पेटीत ठेवले आहेत. स्टबला एकही नवे भोक पाडलेले नाही. उद्या कोणाला गाडी पूर्ववत करायची असेल तर एका दिवसाचे काम आहे.

परभणी_वकील

कायद्याची बाजू कोणी मांडलेली दिसत नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये या कलमाचा काटेकोर अर्थ लावला आहे. ब्रेकचा प्रकार सहसा प्रमाणपत्रावर छापलेला नसतो, तरी त्यावरून आपोआप मुभा मिळते असे समजू नये. ब्रेक कार्यक्षम असावेत यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम 96 स्वतंत्र आहे आणि पासिंगच्या वेळी निरीक्षक त्याच आधारे तपासणी करतात. माझा सल्ला असा की काम करण्याआधी आपल्या आरटीओकडे लेखी अर्ज द्यावा, विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी, आणि सुट्या भागांच्या व मजुरीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. अपघाताच्या दाव्यात “न कळवता केलेला बदल” हे शब्द फार महागात पडतात.

जालन्याची_पद्मिनी

ताई, आभारी आहे. विमा कंपनीला मी काम झाल्यानंतर कळवले होते, ते आधी कळवायला हवे होते. आरटीओचा अर्ज आता या आठवड्यात देतो.

मांजराकाठ_लातूर

दादा, तुमचे आणि काकांचे वाचून मी ठरवले की आधी ड्रम उघडायचे. काल उघडले. चारपैकी दोन व्हील सिलिंडर ओले आहेत आणि एका शूचा लायनर रिव्हेटपर्यंत झिजला आहे. पुढे डिस्क करायचेच ठरले तर नवे पॅड बसवल्यावर काही विशेष करावे लागते का? आणि ड्रममधली काळी धूळ गॅरेजवाला हवेच्या पाइपने उडवत होता, ते चालते का?

जालन्याची_पद्मिनी

धूळ हवेने अजिबात उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचे आणि ते श्वासातून फुप्फुसात गेले की तिथून निघत नाही. ओल्या फडक्याने पुसून घ्या, फडके पिशवीत बांधून टाका आणि त्या मुलालाही हे समजावून सांगा.

नव्या पॅडबद्दल सांगतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायचे टाळा. त्याआधी रिकाम्या रस्त्यावर ताशी 60 वरून 20 पर्यंत, मध्यम जोराने, साधारण दहा वेळा वेग कमी करा. प्रत्येक दोन वेळांमध्ये अर्धा-एक किलोमीटर गाडी नुसती चालवा म्हणजे डिस्कला वारा लागेल. या दरम्यान गाडी पूर्ण थांबवून पेडल दाबून धरू नका, नाहीतर तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. बूस्टर बसवलात तर त्याची परीक्षा अशी घ्या: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, शेवटच्या वेळी दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली बसले तर बूस्टर नीट आहे. पाचशे किलोमीटर झाल्यावर ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. माझ्या उजव्या चाकाचा एक बोल्ट पाव फेरा आणखी आवळला गेला होता.

गेल्या रविवारी पुन्हा कन्नडहून चाळीसगावला उतरलो. दुसरा गिअर, पाच माणसे, पुढे तशीच ट्रकांची रांग. खाली पोहोचल्यावर गाडी कडेला घेतली आणि पेडल दाबून पाहिले, ते घाटमाथ्यावर जेवढे घट्ट होते तेवढेच पायथ्याशीही होते. लातूरच्या दादांनी चाकाच्या सिलिंडरचे माप व्हर्निअरने मोजून इथेच टाकावे, मास्टर सिलिंडर कोणत्या मापाचा लागेल तो हिशेब करून देईन.